मजकूर वहिनींनीच लिहायचा

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या खांद्यावरून आत डोकावतं आणि विचारतं, "वहिनी नाहीत का?" मी समोरच उभा असतो. अंगापिंडानं मी काही नजरेतून सुटण्यासारखा माणूस नाही. तरीही लोकांना मी दिसत नाही, दिसलो तर वहिनींचे मिस्टर म्हणून दिसतो. नगरला सावेडीच्या बाजूला आमचं हे दुकान आहे. ट्रॉफी, सन्मानचिन्हं, दारावरच्या नावाच्या पाट्या, कारखान्यांतल्या पॅनेलवर लावायच्या सूचनांच्या पट्ट्या असं सगळं आम्ही करतो. दुकान मी काढलं, मशीन मी आणलं आणि पहिली काही वर्षं तिथं मी एकटाच बसत होतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, असं बायको म्हणते. म्हणू दे.

त्याआधी मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होतो. यंत्रांवर ठोकायच्या पितळी पट्ट्या आम्ही तिथं कोरायचो. मग लेसरचं मशीन आलं आणि पितळेची जागा सोनेरी शीटनं घेतली. ही शीट प्लास्टिकची असते. वर पितळेसारखा, घासलेल्या धातूसारखा पातळ थर आणि आत काळं. लेसर वरचा सोनेरी थर जाळून काढतो आणि खालचा काळा रंग अक्षर होऊन वर येतो. भिंतीवर लावली की पितळ कुठलं आणि प्लास्टिक कुठलं, दोन पावलांवरून कुणाला सांगता येत नाही.

पण हे दिसतं तितकं सोपं नाही. किरण जास्त रेंगाळला तर कडा वितळतात आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. घाईनं फिरवला तर सोनेरी कण मधे राहून जातात. मराठी अक्षरांचे तर फार लाड करावे लागतात. ‘ष्ट’ची बारीक जोडणी गळून पडते, अनुस्वार भरून जातो, ‘श्री’चा वरचा वळसा तुटतो. हे सगळं मी शीटचे तुकडे वाया घालवून शिकलो. माझ्या हातच्या पाटीवर अनुस्वार गोल येतो, आणि नगरमध्ये असा अनुस्वार मला दुसरीकडे फारसा दिसलेला नाही. ही गोष्ट आजवर एकाही गिऱ्हाइकानं बोलून दाखवलेली नाही.

धाकटी मुलगी शाळेत जायला लागली आणि बायको दुकानात येऊ लागली. मीच म्हणालो होतो, ये म्हणून. काउंटरवर कुणीतरी हवं होतं. लोक मजकूर घेऊन यायचे, बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या सन्मानचिन्हाचा मोबाईलवर काढलेला फोटो. ‘आपण केलेल्या प्रदीर्घ व निःस्वार्थ सेवेबद्दल’ वगैरे. नाव बदलायचं, तारीख बदलायची, बाकी तसंच. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस एसटीचे दोघं तिघं आले. त्यांच्यातला एक ड्रायव्हर निवृत्त होत होता. त्यांनी असाच फोटो दाखवला. बायकोनं तो बघितला आणि सहज विचारलं, "माणूस कसा होता हो?"

ते एकमेकांकडे बघायला लागले. मग एकजण म्हणाला, "चांगला होता."

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे, आता बघा, स्टॉपवर गाडी सगळेच थांबवतात. पण म्हातारं माणूस मागून पळत येताना आरशात दिसलं, की ह्यानं गाडी थांबवलीच म्हणून समजा. उशीर होईना का."

बायकोनं समोरचा कागद ओढला. ‘आरशात दिसलेल्या माणसाला ज्यांनी कधी मागे ठेवलं नाही, त्यांना सहकाऱ्यांकडून.’ एवढंच लिहिलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी वाचलं. मघाशी बोलणाऱ्यानं चष्मा काढून पुसला.

ती पाटी मीच कोरली. चांगली झाली. त्या कार्यक्रमात ती वाचून दाखवली म्हणे आणि लोक बराच वेळ टाळ्या वाजवत होते. त्यानंतर डेपोतून माणसं येऊ लागली, मग शाळांतून, मग पतसंस्थांतून. प्रत्येकाचं एकच, "मजकूर वहिनींनीच लिहायचा हं." त्या वाक्यातला तो ‘च’ मला टोचायचा. मी मशीनजवळ असायचो. एक्झॉस्ट पंख्याच्या आवाजातूनही मला बाहेरचं हसणं ऐकू यायचं. माणसं माझ्या बायकोला आपल्या घरातल्या गोष्टी सांगायची, कधी रडायचीसुद्धा. ती हनुवटीखाली हात धरून ऐकायची. माझ्याकडे बघून ती असं कधी ऐकते का, हे मी मनात शोधायला लागलो.

मला कुठल्या पुरुषाचा संशय नव्हता, हे स्पष्ट सांगतो. हेवा वाटत होता तो तिचाच. हे बोलून कुणाला दाखवणार? भावाचा हेवा वाटला तर लोकांना कळतं, शेजाऱ्याचा वाटला तर कळतं. बायकोचं कौतुक होतंय आणि नवऱ्याच्या पोटात दुखतंय, हे सांगायला तोंड नसतं. मी वर हसायचो आणि म्हणायचो, "आमच्या घरात तिचंच चालतं." लोक हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

मग घोडेगावच्या बाजाराचा एक व्यापारी आला. त्याचे वडील आयुष्यभर बैलांचा व्यापार करत होते. ते गेले, आणि त्यांच्या नावानं मुलानं गावात जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधला होता. त्यावर पाटी लावायची होती. बायको त्या दिवशी मुलीच्या शाळेत गेली होती. व्यापाऱ्यानं विचारलं, "वहिनी कधी येतील?" मी म्हणालो, "मजकूर मीसुद्धा लिहितो."

तो बसला. मी त्याला काही विचारलं नाही. मला वाटलं, लिहिणाऱ्याला आतूनच सुचायला पाहिजे. मी लिहिलं, ‘पशुधन व्यापारातील दीपस्तंभ, मुक्या जिवांचे कैवारी, थोर समाजसेवक’ आणि खाली नाव. स्क्रीनवर ते सोनेरी पाटीवर मांडून दाखवलं. छान भारदस्त दिसत होतं.

त्यानं दोनदा वाचलं. "झकास आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी नम्रपणे, "पण छापायच्या आधी एकदा वहिनींच्या नजरेखालून घालायचं का?"

मी त्याला कोपऱ्यावरून चहा मागवला. तेवढ्यात बायको आली. तिनं माझा मजकूर वाचला आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, लोक तुमच्या वडिलांकडंच का यायचे? बाजारात व्यापारी तर भरपूर असतील."

तो म्हणाला, "आमचे दादा बैलाची खोड आधी सांगायचे. हा उन्हात बसतो, ह्याला डाव्या अंगाला जुंपू नका, हा लहान पोरांना मारतो. आम्ही चिडायचो. म्हणायचो, दादा, अशानं कोण घेणार? पण लोक घ्यायचे."

बायकोनं लिहिलं, ‘त्यांनी आधी बैलाची खोड सांगितली, भाव नंतर.’

व्यापारी कागद हातात घेऊन उठला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

ते वाक्य वाईट असतं तर मला हेवा वाटला नसता. ते चांगलं होतं, आणि ते मला तिथल्या तिथं कळलं होतं. माझा दीपस्तंभ मी स्क्रीनवरून पुसला आणि तिची ओळ घातली. उन्हापावसात टिकावी म्हणून बाहेर लावायची वेगळी शीट घेतली, कडा चारही बाजूंनी तिरक्या कापल्या. जीव ओतून केली. व्यापाऱ्यानं पाटी हातात घेतली, वाचली आणि म्हणाला, "वहिनींना माझा नमस्कार सांगा."

त्या रविवारी जेवताना मी म्हणालो, "गिऱ्हाइकाशी एवढं काय बोलायचं असतं? वेळ जातो."

"विचारल्याशिवाय कसं लिहू?" ती म्हणाली. "मला त्यांचा माणूस माहीत नसतो."

"म्हणजे मला सुचत नाही, असं तुझं म्हणणं आहे?"

"मी असं कुठं म्हणाले?" तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. "भाजी घ्या." तिला खरंच काही कळलं नव्हतं, की कळून न कळल्यासारखं करत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढची गोष्ट तिच्या माहेरची आहे. तिचं गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गावातली अर्धी माणसं ट्रकमध्ये बसून कारखान्यांकडं जायची आणि पोरं शाळेसाठी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची. तीही तिथंच वाढली. एवढं मला लग्न ठरतानाच माहीत होतं आणि त्यापलीकडं कधी काही कळलं नव्हतं. त्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी एक बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. आता ती थकली होती आणि काम सोडणार होती. तिच्या हातचं खाऊन मोठ्या झालेल्या मुलांनी तिचा सत्कार ठरवला. बायकोला फोन आला, सन्मानचिन्ह तुझ्याकडूनच.

त्या वेळी पहिल्यांदा मी तिला अडलेलं बघितलं. लिहायची आणि खोडायची. कुणी गिऱ्हाईक आलं तरी तिचं लक्ष नसायचं. मला बरं वाटलं. म्हटलं, हिलाही अडतं तर. शेवटी एक दिवस तिनं कागद माझ्याकडं सरकवला. त्यावर लिहिलं होतं: ‘आमची आई उसात हुती तवा ही चुलीपाशी हुती. आमाला उपाशी झोपू दिलं न्हाई.’

"हे असं कोरायचं?" मी विचारलं. "अगं, सन्मानचिन्ह आहे. शुद्ध तरी लिही."

"तिला वाचता येत नाही. मला ते तिला वाचून दाखवायचंय. शुद्ध वाचलं तर तिला वाटेल दुसऱ्याच कुणाचं आहे."

मी कोरलं. आयुष्यात इतकी अशुद्ध पाटी मी केली नव्हती.

कार्यक्रम सकाळचा होता. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर सतरंज्या, मागं खुर्च्या. मोटरसायकल लावेपर्यंत बायको माझ्या शेजारून कुठं गेली ते कळलंच नाही. बघतो तर बायकांच्या घोळक्यात. "बारके, किती दिसांनी आलीस गं," कुणीतरी म्हणालं. बारकी! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ती बोलत होती ते माझ्याशी बोलते तसं नव्हतंच. "लई आठवन येती गं. पन दुकान सोडून निघाया हुतंय व्हय?" असं भराभर, हात हलवत. आवाजसुद्धा वेगळा, जरा वरच्या पट्टीतला. मी एका खुर्चीवर बसलो. कुणीतरी, "दाजी, चहा घ्या," म्हणून कप दिला आणि निघून गेलं.

सत्काराच्या वेळी मावशीला पुढं आणलं. लहान चणीची, काटक बाई. बायकोनं पाटी तिच्या हातात दिली. ऊन पडलं होतं, सोनेरी शीट चमकली. मावशीनं ती खालीवर करून बघितली.

"सोनं हाय का काय गं?"

"न्हाई मावशे. पलाश्टिक हाय. दिसतं नुस्तं सोन्यावानी."

"बरं झालं बाई. सोनं असतं तर सुनंनं कपाटात घातलं असतं. आता चुलीम्होरं लावते."

सगळे हसले. मग बायकोनं वाचून दाखवलं. दोनच ओळी. ‘उपाशी’ हा शब्द तिनं दोनदा वाचला. मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक समोर आहे हे विसरून बोलायला लागली.

"ही बारकी लई छळायची मला. आई गेली की जेवायचीच न्हाई. फाटकापाशी जाऊन बसायची, ट्रक गेलेल्या रस्त्याकडं बघत. मंग मी ताट घेऊन तितं जायाची. म्हनायची, तुझी आई आज काय करती सांगू का? आज तिनं मोळी बांधली, मोळीत मोराचं पीस घावलं. आज तिच्या खोपीपाशी ससा आला. रोज कायतरी रचून सांगायची मी. गोष्ट सांगायची आन घास भरवायची. मंग हीच मला विचारायची, ससा कसा हुता? कुठनं आला? किती विचारायची गं तू."

लोक हसत होते, रडत होते. मी मागच्या खुर्चीवर बसून होतो आणि मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. एसटीवाल्यांचं, व्यापाऱ्याचं काहीच नव्हतं त्यापुढं. माझ्या बायकोला लहानपणी जेवायला नको असायचं, ती फाटकापाशी बसायची, तिला ससा कसा होता हे विचारायचं असायचं, हे या बाईला माहीत होतं. सतरंजीवर बसलेल्या सगळ्या गावाला माहीत होतं. त्या मांडवात ते ठाऊक नसलेला मी एकटाच असेन.

परतताना करंजीचा घाट ओलांडल्यावर आम्ही उसाच्या रसाला थांबलो. मी म्हणालो, "फाटकाचं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही. ग्लासातला बर्फ हलवत, सरळ. आणि तिचा ‘न्हाई’ अजून गावातलाच होता.

मला लोकांसारखं विचारता येत नाही. तरी मी विचारलं, "ट्रक कुठल्या रस्त्यानं जायचा?" फार मूर्खासारखा प्रश्न. ती हसली. मग तिनं सांगितलं. रसवंतीच्या बाकड्यावर बसून बराच वेळ सांगत होती. आई परत यायची तेव्हा तिच्या हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे असायचे आणि ही पहिले दोन दिवस तिच्याकडं जायची नाही, मावशीलाच धरून बसायची. आईला त्याचं वाईट वाटायचं. "आईला मावशीचा राग यायचा," बायको म्हणाली, "आणि उपकारही वाटायचे. दोन्ही एकदम." मी तिच्या आईला इतकी वर्षं ओळखतो, पण ती मला तेव्हा पहिल्यांदा जवळची वाटली.

त्यानं माझा हेवा गेला, असं सांगता आलं तर बरं वाटलं असतं. पुढच्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले, आत डोकावले आणि म्हणाले, "वहिनी?" मला तसंच झालं, जसं आधी व्हायचं.

मात्र एक बदल झाला. ती बरेच दिवस म्हणत होती, मशीन मलाही शिकवा. मी टाळत होतो. तेवढं एक माझ्याकडं होतं. गावाहून आल्यावर मी तिला शिकवलं. तिनं पहिल्यांदा ‘श्री’ जाळला, अनुस्वार भरून टाकले, एक अख्खी शीट वितळवून वाकडी केली. मी तिच्यामागं उभा राहून बघत होतो आणि मला किती समाधान वाटत होतं ते सांगत नाही. ती म्हणाली, "तुमच्या हाताला हे कसं जमतं हो?" दुकानात मला असा प्रश्न त्याआधी कुणीच विचारला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, हळू कुठं जायचं, जोर कुठं कमी करायचा, जोडणी कशी जाड करून घ्यायची. ती हनुवटीखाली हात धरून ऐकत होती. आता तिचा अनुस्वार माझ्याइतका गोल येतो. तेही मला आवडलेलं नाही.

मागच्या वर्षी नागापूरहून ऑर्डर आली. माझ्या जुन्या वर्कशॉपमधला लेथवरचा माणूस निवृत्त होत होता. मी त्याला ओळखत होतो, त्याच्याच मशीनजवळ माझी सुरुवात झाली होती. बायकोनं कागद माझ्याकडं दिला. "हे तुम्हीच लिहा. माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक आहे."

मी लिहिलं. दीपस्तंभ घातला नाही. तो माणूस काम करताना कसा उभा राहायचा, चूक झाली की ओरडायच्या ऐवजी मशीन कसं बंद करायचा, ते आठवत बसलो. लिहिलं, ‘चूक झाली की ज्यांनी मशीन थांबवलं, माणसाला नाही. त्यांच्या हाताखाली आम्ही काम शिकलो.’ बायकोला दाखवलं. तिनं वाचलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं.

"फार चांगलं आहे," ती म्हणाली. मग पेन घेतलं. "एकच शब्द बघू का?" तिनं ‘हाताखाली’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘शेजारी’.

निरोपाच्या चहाला मी पाटी घेऊन गेलो. त्या माणसानं चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेला. ‘शेजारी’पाशी बोट थांबलं.

"कुणी लिहिलं हे?" त्यानं विचारलं.

"आम्ही दोघांनी," मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि पुन्हा त्याच शब्दावर बोट फिरवलं. सगळ्या मजकुरात तेवढाच शब्द माझा नव्हता.